बॉक्स्टर उचलताना जॅक जिथे लागतो, तिथेच स्टँडही हवा असतो. मग स्टँड ठेवायचा कुठे?

नेकारकाठचा | ५ ऑक्टोबर, सायंकाळी ७:४०

नमस्कार. माझ्याकडे २००९ सालची पोर्शे बॉक्स्टर आहे, ९८७ मालिकेतली, १८ इंची चाकांची. मी श्टुटगार्टजवळ राहतो. इकडे 'ओ ते ओ', म्हणजे ऑक्टोबरपासून ऑस्टर्नपर्यंत (ईस्टरपर्यंत), हिवाळी टायर गाडीला असावेत असा संकेत आहे. कायदा तारखेवर चालत नाही, रस्त्यावर बर्फ किंवा गोठलेला थर असेल तेव्हा लागू होतो. तरीही लोक या दोन 'ओं'वरच हिशेब ठेवतात. चाकांचे दोन पूर्ण संच माझ्याकडे असल्यामुळे वर्षातून दोनदा चारही चाके मी घरीच बदलतो.

अडचण अशी आहे. या गाडीला दोन्ही बाजूंच्या दरवाजांखाली दोन-दोन असे एकूण चार जॅक पॉइंट, म्हणजे जॅक लावायच्या मजबूत जागा, आहेत. ट्रॉली जॅक त्यातल्या एकावर लावला की ती जागा अडते, आणि उचललेली गाडी टेकवायचा जॅक स्टँड ठेवायलाही कंपनीने दाखवलेली जागा नेमकी तीच असते. आजूबाजूला हात फिरवला तर कुठे प्लास्टिकचे आवरण लागते, कुठे पातळ पत्रा लागतो. त्यामुळे आजवर मी केवळ जॅकच्या भरवशावर एकेक चाक बदलत आलो.

गेल्या वर्षी मात्र धडकी भरली. आमच्या अंगणात पेव्हर ब्लॉक आहेत. मागचा उजवा कोपरा उचलत असताना जॅकचे एक छोटे चाक दोन ब्लॉकमधल्या फटीत रुतले. गाडी वर जात होती आणि जॅक मात्र जागचा हलत नव्हता. पाहता पाहता जॅकची वाटी पॉइंटवरून बोटभर सरकली आणि रबर कुरकुरल्यासारखा आवाज आला. सुदैवाने चाक अजून काढलेले नव्हते. मी हँडल हळूहळू फिरवून गाडी खाली घेतली आणि तसाच दहा मिनिटे पायरीवर बसून राहिलो.

यंदा हे काम नीट करायचे आहे. स्टँड कुठे आणि कसा ठेवावा, हे ज्यांनी स्वतः केले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

एकोणीसचा_पाना | ५ ऑक्टोबर, रात्री ११:१५

मी पुण्यात अठरा वर्षे वर्कशॉपमध्ये काढली आहेत. तुमच्या मॉडेलची गाडी माझ्या हाताखालून दोनदाच गेली, पण तुम्ही सांगितलेला प्रकार मात्र अनेकदा पाहिला आहे, म्हणून आधी तुमच्या जॅकविषयी लिहितो.

ट्रॉली जॅकचा दांडा सरळ वर जात नाही, तो कमानीत वर जातो. वाटी जसजशी वर चढते तसतशी ती थोडी मागेही येते. गाडीसुद्धा उचलताना विरुद्ध बाजूच्या चाकांवर कलते, म्हणजे पॉइंट स्वतः आडवा सरकतो. या दोन हालचालींचा मेळ बसावा एवढ्यासाठीच जॅकला चाके दिलेली असतात. ती फिरली तर जॅक गाडीखाली सरकतो, ती अडली तर वाटी पॉइंटवरून घसरते. मातीवर, डांबरावर किंवा पेव्हरवर जॅक लावायचाच असेल तर खाली दीड-दोन सेंटिमीटर जाडीचा, जॅकपेक्षा हातभर लांब प्लायवूड अंथरावा, आणि जॅक कुठे सरकणार आहे ते पाहून त्या दिशेला मोकळी जागा ठेवावी. उन्हात मऊ झालेल्या डांबरावर स्टँडचे पायसुद्धा रुततात, हेही लक्षात असू द्या.

दुसरी गोष्ट हँडब्रेकची. तुमच्या गाडीचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. मागच्या डिस्कच्या आत त्याचे वेगळे शू असतात. गिअरही मागच्याच चाकांना अडवतो. पुष्कळांचा असा समज असतो की गाडी गिअरमध्ये टाकली म्हणजे ती जखडली. मागचे एक चाक हवेत असेल तर डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळे फिरू देणाऱ्या जोडणीमुळे, ते उलट फिरू शकते आणि जमिनीवरचे चाक सुलट फिरू शकते. इंजिन जागच्या जागी राहते आणि गाडी निघते. त्या वेळी गाडीला धरून ठेवतो तो फक्त हँडब्रेक, आणि दोन्ही मागची चाके उचललीत तर तोही नाही. म्हणून जी चाके जमिनीवर राहणार आहेत त्यांना पुढून आणि मागून अशा दोन्ही बाजूंनी पाचर लावावी. आपल्याकडे पंक्चरवाला येताजाता एक दगड सरकवतो, तो त्याच्या अनुभवाचा भाग आहे. पण दगड गोल असेल तर गाडी त्यावर चढते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. तुम्हाला चाके बदलायची आहेत, गाडीखाली शिरायचे नाही. मग चारही कोपरे एकदम उचलण्याचा विचारच का करता? एका वेळी एक कोपरा घ्या, टायर जमिनीपासून दोन बोटे सुटेल एवढाच उचला, आणि काढलेले चाक लगेच दरवाजाखालच्या पट्टीखाली आडवे सरकवून ठेवा. नवे चाक चढवण्याच्या क्षणी ते बाहेर काढा. आमचे उस्ताद हा नियम इतक्या कडकपणे पाळत की आम्ही पोरे त्यांच्या पाठीमागे हसायचो. एके दिवशी जुन्या जॅकचा व्हॉल्व्ह गळू लागला आणि एक सेदान कोणाच्या लक्षात येण्याआधी संथपणे खाली आली. पट्टी त्या आडव्या टायरवर टेकली, टायर दबला आणि गाडी थांबली. ब्रेकची डिस्क आणि फरशी यांच्यात तेव्हा चार बोटांचे अंतर उरले होते, आणि आमच्यातल्या एकाचा हात तिथे होता. त्यानंतर कोणी हसले नाही.

खारा_रस्ता | ६ ऑक्टोबर, पहाटे ४:०५

मी न्यू जर्सीत आहे, माझ्याकडे २०१४ ची पोर्शे केमन, ९८१ मालिकेतली, आहे. पॉइंटची रचना सारखीच असल्यामुळे लिहितो.

पानासाहेबांशी बहुतांशी सहमत आहे; फक्त चाक काढणे हे दरवेळी दोन मिनिटांचे काम नसते, एवढे सुचवतो. इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि वसंतात चाक हबला, म्हणजे ते ज्यावर बसते त्या मधल्या भागाला, गंजून असे चिकटते की पाचही बोल्ट काढले तरी ते हलत नाही. मग माणूस टायरला लाथा मारतो, रबरी हातोड्याने ठोकतो. गाडी नुसत्या जॅकवर असताना हे करणे मला सर्वांत भयंकर वाटते, कारण प्रत्येक ठोक्याचा आडवा धक्का जॅकच्या वाटीपर्यंत पोहोचतो. ठोकाठोकी करायची असेल तर गाडी स्टँडवरच हवी. आणि चाक निघाल्यावर हबचा चेहरा तारेच्या ब्रशने घासून मधल्या कड्यावर चिकटरोधक पेस्टचे अगदी पातळ बोट फिरवले तर पुढच्या वेळी हा प्रसंगच येत नाही.

स्टँडसाठी मी जे वापरतो ते सांगतो. बाजारात असे स्टँड मिळतात ज्यांचा वरचा भाग आणि पाय वेगळे होतात. वरच्या भागाला मधोमध खुंटी असलेले पॅड असते. ते जॅकच्या वाटीवर ठेवायचे, त्याच्यासह गाडी उचलायची, मग दोन्ही बाजूंनी पाय बसवून आरपार पिना घालायच्या आणि जॅक खालून काढून घ्यायचा. एकाच पॉइंटवर जॅक आणि स्टँड दोन्ही बसतात, त्यामुळे तुमचा प्रश्नच उरत नाही. किंमत साध्या स्टँडच्या कितीतरी पट आहे. मी दोनच घेतले.

ते परवडत नसतील तर दुसरी पद्धत आहे. मागच्या पॉइंटवर जॅक लावून गाडी पुरेशी उचलली की तिची बॉडी ताठ असल्यामुळे त्याच बाजूचा पुढचा पॉइंटही वर येतो. पुष्कळदा पुढचे चाकही जमीन सोडते. तेव्हा पुढच्या पॉइंटखाली सपाट रबरी माथ्याचा स्टँड सरकवायचा आणि जॅक मागे तसाच भार घेऊन ठेवायचा. पुढचे चाक स्टँडच्या आधाराने बदलता येते; मागचे चाक मात्र जॅकच्याच भरवशावर राहते, म्हणून तिथे आडव्या चाकाची युक्ती करायची.

खाचेच्या माथ्याचे साधे स्टँड या पॉइंटवर ठेवू नका. त्याची दोन टोके पॉइंटच्या कडेला टेकतात आणि सगळा भार दोन रेघांवर येतो. मी जॅकच्या वाटीत आइस हॉकीची चकती ठेवतो. टणक रबर, तीन इंच व्यास, एक इंच जाडी. जणू याच कामासाठी केली असावी, आणि खेळाच्या दुकानात अगदी स्वस्त मिळते.

सहा_आडवे | ६ ऑक्टोबर, दुपारी १:३०

इतका व्याप कशासाठी? इंजिन मध्येच आहे. इंजिनाच्या दोन अर्ध्या भागांचा सांधा असलेल्या जाड धातूखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावावा, दोन्ही मागची चाके एकदम उचलतात, मग दोन्ही मागच्या पॉइंटवर स्टँड ठेवावेत. मी सहा वर्षे असेच करतो आणि आजवर काहीही बिघडलेले नाही.

एकोणीसचा_पाना | ६ ऑक्टोबर, दुपारी ३:१०

तुम्ही करता तसे अनेक जण करतात हे मला ठाऊक आहे, आणि ठोकळा नेमका त्या सांध्यावर असेल तर ते निभावतेही. पण तिथून चार बोटे इकडे-तिकडे तेलाच्या टाकीचे पातळ झाकण आहे, आणि जमिनीवर पालथे पडून टॉर्चच्या उजेडात ती चार बोटे ओळखायची असतात. त्याशिवाय मधोमध एकाच बिंदूवर उचललेल्या गाडीला डावी-उजवी डुलायला मोकळीक मिळते. ज्याने प्रथमच विचारले आहे त्याला मी ही वाट दाखवणार नाही.

मृण्मयी_मेलबर्न | ६ ऑक्टोबर, सायंकाळी ५:५५

विषय बॉक्स्टरचा आहे, पण तुलनेसाठी लिहिते. माझ्या माझदा एमएक्स-५ ला पुढच्या आडव्या तुळईचा मध्य आणि मागे डिफरन्शियल अशा दोन मधल्या जागा जॅकसाठी मिळतात, आणि स्टँड दरवाजाखालच्या मजबूत केलेल्या जागी बसतात. म्हणजे नेकारकाठच्यांची अडचण आम्हाला येतच नाही. यावरून सांगायचे एवढेच की एका गाडीची पद्धत दुसऱ्या गाडीला लावू नये. माझ्या शेजाऱ्यांच्या कॉर्व्हेटच्या दरवाजाखालची पट्टी फायबरची आहे. तिथे जॅक लावला तर ती तडकेल, म्हणून ते फ्रेममधल्या खाचेत बसणाऱ्या खास चकत्या आधी अडकवतात.

एक व्यावहारिक सूचना: गाडी खाली बसवलेली असेल तर बुटका जॅकसुद्धा आत जात नाही, कारण त्याची वाटी आठ-नऊ सेंटिमीटरवर असते आणि त्यावर पॅड चढते. मी चार सेंटिमीटर जाडीच्या दोन फळ्यांवर आधी चाके चढवते, मग जॅक सहज जातो. फळीची टोके तिरपी तासलेली असावीत, नाहीतर ती चाकाने मागे फेकली जाते. माझ्या गॅरेजच्या दाराला त्याची खूण आहे.

नेकारकाठचा | ६ ऑक्टोबर, रात्री ९:२०

सर्वांचे मनापासून आभार. गिअर आणि डिफरन्शियलची गोष्ट वाचून मी अक्षरशः उठून खाली गेलो आणि पाचरी शोधल्या. गेली तीन वर्षे मी एकच लाकडी तुकडा, तोही एका बाजूलाच, लावत होतो.

दोन शंका आहेत. स्टँड दातांचे घ्यावेत की पिनेचे? आणि बोल्टला वंगण लावावे का? पुस्तिकेत बोल्टला पेस्ट लावण्याचा उल्लेख आहे, पण माझे सासरे म्हणतात की चाकाच्या बोल्टला तेलाचे बोट लावणे हा गुन्हा आहे.

खारा_रस्ता | ७ ऑक्टोबर, पहाटे ५:३०

दातांच्या स्टँडमध्ये खिट्टी दातात पूर्ण बसली नाही तर तो धक्क्याने खाली येऊ शकतो. अमेरिकेत २०२० साली याच दोषापायी एका मोठ्या दुकानसाखळीचे लाखो स्टँड परत मागवले गेले होते. पिनेच्या स्टँडमध्ये आरपार पोलादी पिन असते, त्यामुळे तशी शक्यता राहत नाही; उंचीच्या पायऱ्या मात्र मोठ्या असतात. माझी पसंती पिनेला. लेबलवरची क्षमता एका स्टँडची आहे की जोडीची, हेही वाचून घ्या; कित्येकदा मोठ्या अक्षरातला आकडा जोडीचा असतो.

एकोणीसचा_पाना | ७ ऑक्टोबर, सकाळी १०:४५

तुमचे सासरे सर्वसाधारण गाड्यांबाबत शंभर टक्के बरोबर आहेत. कंपनीने दिलेला टॉर्कचा, म्हणजे बोल्टला द्यायच्या पिळाचा, आकडा सहसा कोरड्या आट्यांसाठी असतो. आटे वंगण लावून गुळगुळीत केले की तेवढ्याच टॉर्कला बोल्ट अधिक ताणला जातो, कारण घर्षणात जाणारा जोर आता ताणात जातो. मीही हाच नियम शिकलो, आणि पहिल्यांदा पोर्शेच्या बोल्टवर चंदेरी पेस्ट पाहिली तेव्हा मागच्या गॅरेजवाल्याला नावे ठेवली होती. ती चूक माझी होती.

या गाड्यांच्या बोल्टला डोक्याखाली एक सुटे गोलाकार कडे असते. कंपनी आट्यांना आणि बोल्टचे डोके व ते कडे यांच्या मधल्या जागेला पातळ पेस्ट लावायला सांगते, आणि १३० न्यूटन-मीटर हा आकडा तसाच धरलेला असतो. कड्याची जी बाजू चाकाला टेकते ती मात्र कोरडी आणि स्वच्छ हवी. चाकाला पकडायचे घर्षण तिथेच असते. म्हणून डब्यात बोल्ट बुडवू नका, बोटाने लावा आणि जादा पुसा. बाहेरच्या कंपनीची चाके असतील तर त्यांची बैठक गोल आहे की शंकूसारखी, हे आधी पाहा. गोल कड्याचा बोल्ट शंकूच्या बैठकीत घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि पुढे सैल होतो.

१३० न्यूटन-मीटर म्हणजे अर्ध्या मीटरच्या पान्याच्या टोकाला सुमारे साडेसव्वीस किलोचा भार. पान्यावर उभे राहणारे माझे सहकारी त्याच्या दुपटीहून अधिक जोर लावत असत. इम्पॅक्ट गनने घट्ट करू नका. खारा रस्ता यांच्या ९८१ ला १६० न्यूटन-मीटर लागतात. तो आकडा तुमच्या गाडीला लावू नका.

खारा_रस्ता | ७ ऑक्टोबर, सायंकाळी ६:००

दुजोरा देतो, १६० च. एक भर घालतो: या गाड्यांना हबवर स्टड, म्हणजे बाहेर आलेले आटेदार खुंट, नसतात, त्यामुळे जड चाक एका हाताने तोलून दुसऱ्या हाताने बोल्ट घालावा लागतो. १४ मिलिमीटर व्यासाची आणि दीड मिलिमीटर अंतराच्या आट्यांची मार्गदर्शक पिन मिळते. ती वरच्या भोकात आधी बसवा, चाक तिच्यावर लटकवा, चार बोल्ट हाताने घाला आणि मग ती काढून पाचवा घाला. चाक निसटून ब्रेकच्या कॅलिपरवर आपटण्याची भीती उरत नाही. गाडी टायर जेमतेम सुटेल एवढीच उचललेली असेल, तर चाकाखाली बुटाचे टोक घालून ते वर तोलताही येते. गाडी उगाच उंच न उचलण्याचा हा आणखी एक फायदा.

कोथरूडकर_नवखा | ७ ऑक्टोबर, रात्री १०:१०

माझ्याकडे साधी हॅचबॅक आहे. डिकीतल्या कात्री जॅकने स्टेपनी बदलताना यातले काय लागू होते?

एकोणीसचा_पाना | ७ ऑक्टोबर, रात्री १०:३५

पाचर, सपाट जमीन, गाडी जमिनीवर असतानाच नट पाव फेरा सैल करणे, आणि काढलेले चाक पट्टीखाली सरकवणे, एवढे सगळे लागू होते. कात्री जॅक पट्टीच्या खाचांच्या मध्येच लावा. त्या जॅकवर गाडी असताना खाली डोके घालू नका.

नेकारकाठचा | १८ ऑक्टोबर, सायंकाळी ६:५०

काल काम पूर्ण केले, त्याचा वृत्तांत देतो.

शेवटी चारही कोपरे उचलण्याचा हट्ट सोडला. पिनेचे, सपाट रबरी माथ्याचे दोन स्टँड आणले आणि पेव्हरवर दोन प्लायवूडचे तुकडे अंथरले. बोल्ट जमिनीवरच सैल केले. डावी बाजू उचलताना उजव्या बाजूच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून मिळून चार पाचरी लावल्या. मागच्या पॉइंटवर जॅक, पुढच्या पॉइंटखाली स्टँड, अशी खारा रस्ता यांची दुसरी पद्धत वापरली. स्टँडवर भार आल्यावर चाक काढण्याआधी फेंडरला धरून गाडी हलवून पाहिली. पहिल्या खेपेस स्टँडचा एक पाय प्लायवूडवर किंचित उचललेला दिसला. गाडी पुन्हा वर घेतली, प्लायवूडखालचा खडा काढला आणि परत ठेवली. मागचे चाक काढल्यावर ते लगेच पट्टीखाली गेले. मागचा टायर २६५ मिलिमीटर रुंदीचा असल्यामुळे आडवा केल्यावर तो माझ्या अपेक्षेपेक्षा उंच भरला, आणि पट्टी व त्याच्यामध्ये जेमतेम दोन बोटांची फट राहिली, ती मला आवडली.

पुढचे उजवे चाक चिकटलेले होते. स्टँड असल्यामुळे रबरी हातोड्याचे चार ठोके निश्चिंतपणे मारता आले. हब घासले, पेस्ट लावली. बोल्ट चांदणीच्या क्रमाने हाताने बसवले आणि गाडी जमिनीवर आल्यावर १३० ला घट्ट केले. आज सुमारे ऐंशी किलोमीटर चालवून पुन्हा तपासले. एका बोल्टने पान्याचा 'टक' आवाज येण्याआधी किंचित जागा दिली, बाकीचे एकोणीस जागचे हलले नाहीत. तो एक बोल्ट त्याच चिकटलेल्या चाकाचा होता, म्हणजे माझे घासणे कुठेतरी कमी पडले असावे. शनिवारी ते चाक परत काढून पाहणार आहे.

सासरे पूर्ण वेळ खुर्ची टाकून बसले होते. पेस्टचा डबा उघडला तेव्हा ते उठून आत गेले.